हिरवा आकडा

६ जानेवारी

बोर्ड आज लागला. कॅन्टीनमध्ये, कॉफीच्या यंत्राच्या वर. जागा मीच निवडली; दर्जाची व्यवस्थापक म्हणून ते माझंच काम. तिथे प्रत्येकाची मान दिवसातून दोनदा तरी वर होतेच. काळ्या पडद्यावर एकच आकडा: आज चौऱ्याहत्तर, पिवळ्या रंगात. नव्वद झाला की हिरवा होईल, साठच्या खाली गेला की लाल.

आकडा कसा निघतो ते सगळ्यांना समजावलं. आम्ही बनवतो त्या गोदामाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडे बग, म्हणजे न सुधारलेल्या चुका, किती, त्यातले गंभीर किती, ते किती वेळा आडवे येतात, रोज आपोआप चालणाऱ्या चाचण्यांपैकी किती पास होतात. प्रत्येक गोष्टीला ठरावीक वजन. नियम सप्टेंबरपासूनच लागू आहेत आणि ज्याचा त्याला स्वतःचा आकडा कळायचा, पण सगळ्यांचा मिळून आकडा कुणाला दिसत नव्हता. जे दिसत नाही त्याची पर्वा कोणी करत नाही.

व्हर्न फ्रीझन, आमचा मालक, खूश होता. "आजवर गिऱ्हाईकाला मी सांगायचो, माल चांगला आहे हो. आता काय सांगू, चौऱ्याहत्तर आहे म्हणून?"

"नव्वद झाल्यावर सांगा," मी म्हटलं.

ऑरेल कपात साखर ढवळत उभा होता. गोदामाच्या सॉफ्टवेअरचा बहुतेक भाग त्यानेच लिहिला आहे. "मास्तरीणबाई, छडी कुठे ठेवलीत?" सगळे हसले. मी हसले नाही. विनोद वाईट नव्हता, पण पहिल्याच दिवशी सवय लावायची नाही.

हालीनाने एक प्रश्न विचारला. ती टेस्टर आहे, आणि मी शाळेत होते तेव्हापासून इथे आहे. "जो बग अजून सापडलाच नाही, त्याचं वजन किती?"

जे मोजता येत नाही त्याला वजन देता येत नाही, असं मी सांगितलं. "बरं," म्हणाली आणि कप विसळून निघून गेली. स्वभावाने थंड बाई आहे.

१५ जानेवारी

एक्क्याऐंशी. टेस्टर मंडळी कधी नव्हे इतके बग नोंदवताहेत, आणि ते बंदही झटपट होताहेत. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा स्वतःचा आकडाही असतो, त्याचा परिणाम दिसतो आहे.

ऑरेल माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "आज एका बटणावर सात तक्रारी आल्या. बटण डावीकडे सरकलंय, बटणाचा निळा रंग जास्त निळा आहे, बटणावर पूर्णविराम नाही. सातही मी जेवायच्या आधी बंद केल्या. माझा आकडा फुगला, त्यांचाही फुगला. तुझा?"

"माझा नाही. तो सगळ्यांचा आहे."

"हां. लग्नातल्या फोटोसारखा."

याचा अर्थ मला कळला नाही. विचारलंही नाही.

बाहेर उणे पस्तीस. सकाळी घाईत गाडीची वायर, इंजिन गरम ठेवणारी, पार्किंगमधल्या खांबाच्या प्लगला लावायची राहिली होती. संध्याकाळी इंजिन गोठलं असणार असं धरून खाली गेले, तर वायर कोणीतरी लावलेली होती. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. प्लग चुकून लागला असेल. शेजारची गाडी माझ्याच रंगाची आहे.

आईचा गावाहून, गिमलीहून, फोन. नोकरी कशी चालली आहे असं विचारलं. मी म्हटलं, एक्क्याऐंशी. आईने जेवलीस का ते विचारलं.

२३ जानेवारी

व्हर्नने हालीनाला टेस्टिंगमधून काढून गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला बसवलं.

कारण असं: डेव्हलपरला जो बग स्वतःच्या यंत्रावर दिसत नाही आणि ज्याची जास्त माहिती आठवडाभरात मिळत नाही, तो आपोआप नाकारला जातो. हा नियम माझा आहे. नाहीतर अर्धवट तक्रारींचा ढीग साचतो. हालीनाच्या नोंदींत अशा नाकारलेल्यांचं प्रमाण सगळ्यांत जास्त होतं. व्हर्नने आकडे मागितले, मी दिले. आकडे माझे, निर्णय त्याचा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुपारी ती डब्यातल्या पेरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, गरम करत होती. मी पाणी घ्यायला गेले होते.

"बाईसाहेब, एक विचारू? माझ्या तक्रारी खोट्या निघाल्या, की नुसत्या बंद झाल्या?"

"नोंदींच्या दृष्टीने दोन्ही एकच."

"मग नोंदींना एकदा चष्म्याच्या डॉक्टरकडे न्या." तिने ताटली उचलली. "एक घ्या. कांदा जास्त झालाय, पण त्याला वजन नाही."

मी घेतली नाही. पाणी घेऊन परत आले. उत्तर बरोबरच दिलं होतं, तरी संध्याकाळपर्यंत तेच डोक्यात होतं. कारण सापडलं नाही.

२ फेब्रुवारी

एक्क्याण्णव. हिरवा.

आकडा हिरवा झाला की त्या दिवशी केक, असं व्हर्नने कबूल केलं होतं. त्याच्या बायकोने केकबरोबर नारळाच्या चौकोनी वड्यांचं आख्खं ताटही पाठवलं. ज्यांनी महिनाभर माझ्याकडे पाहिलं नव्हतं त्यांनीही मान डोलावली.

उत्तरेकडच्या सहकारी संस्थेशी जो करार झाला आहे त्यात हा आकडा लिहिलेला आहे: सॉफ्टवेअर ताब्यात देताना तो हिरवा हवा. हे माझ्याच सूचनेवरून. महिनाअखेर ताबा द्यायचा आहे, कारण मार्चमध्ये तळ्यांवरचा बर्फाचा रस्ता वितळू लागतो आणि त्याआधी संस्थेला दूरच्या वस्त्यांचा वर्षाचा जड माल चढवायचा असतो.

मी आलेख दाखवले. सगळ्यांत चांगला भाग होता माल परत मागवण्याचा. एखाद्या कारखान्याने कळवलं की अमुक बॅचमध्ये खोट आहे, तर ती बॅच कुठल्या कुठल्या दुकानात गेली हे सॉफ्टवेअर सांगतं. हा भाग ऑगस्टमध्ये नव्याने लिहिला गेला. तिथे एकही उघडा बग नाही. शून्य.

"कबरस्तानातही कोणी तक्रार करत नाही," ऑरेल वडी खात म्हणाला.

३ फेब्रुवारी

शून्य मला खटकतं.

नव्याने लिहिलेल्या कुठल्याही भागात काहीतरी निघतंच. दोन निघाले तर लिहिणारा चांगला, वीस निघाले तर घाईतला. एकही नाही, असं फक्त कोणी पाहिलं नाही तरच होतं. पण चाचण्या तर रोज चालतात आणि सगळ्या पास होतात. मी त्या एकेक उघडून वाचल्या. बरोबर लिहिलेल्या आहेत. बॅच आत येते, खोकी बाहेर जातात, यादी मागितली की यादी मिळते.

कुठे चूक आहे ते दिसत नाही. चूक आहे असं म्हणायलाही आधार नाही. तरी लिहून ठेवते.

११ फेब्रुवारी, उत्तरेला

व्हर्नने मला विमानाने इथे पाठवलं आहे. संस्थेला आपल्या गोदामातही असाच बोर्ड हवा आहे. गोदामाची मुख्य डोरीन नावाची बाई आहे, इथल्या क्री या मूळनिवासी जमातीची, पन्नाशीची. कोटावर कोट. मला पाहून म्हणाली, "आकडेवाली तूच का? मला वाटलं, कोणी म्हातारी असेल."

बोर्ड लावून झाल्यावर मी तिच्यामागे रांगांमधून हिंडत होते. तिने बाळांच्या दुधाच्या पावडरीचा एक खोका खाली ओढला, चाकूने फोडला आणि सहा डबे दुसऱ्या रिकाम्या खोक्यात भरले.

"हे का?" मी विचारलं.

"काय का?"

"खोका का फोडला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमानात काही विसरून आले होते. "त्या वस्तीत दोन बाळं आहेत. बारा डबे घेऊन दुकानदार काय करेल, स्वतः पिईल?"

"असं किती वेळा होतं?"

"इथे? अगं, निम्मा माल असाच जातो. शहरातली दुकानं खोक्याने घेतात. आमची डब्याने."

आमच्या सगळ्या चाचण्यांमध्ये खोका म्हणजे अख्खा खोका आहे. एकाही चाचणीत कोणी तो फोडत नाही.

मी तिच्या संगणकावर सध्या चाचणीपुरतं चालू असलेलं आमचं नवं सॉफ्टवेअर उघडलं आणि आत्ताच भरलेला अर्धा खोका शोधला. तो सापडला. वजन होतं, दुकानाचं नाव होतं. बॅचचा रकाना रिकामा. खोका फोडला की गोदामात उरलेल्या अर्ध्याकडे बॅच राहते, बाहेर जाणाऱ्याकडे जात नाही. मग मी ती बॅच परत मागवायची आहे असं धरून यादी काढली. यादी आली, नीटनेटकी. अर्धे खोके घेणारं एकही दुकान त्यात नव्हतं.

डोरीन माझ्या खांद्यावरून पाहत होती. "म्हणजे पावडर खराब निघाली तर मला कळणारच नाही, की ती कुणाकुणाकडे गेली?"

"आत्ता तुम्ही काय करता?"

"मार्करने खोक्यावर लिहिते आणि भिंतीवरच्या पाटीवर लिहिते." तिने पाटी दाखवली. "पण तुमचं आलं की पाटी काढायची, असा वरून हुकूम आहे. दोन ठिकाणी नोंद नको म्हणे. गोंधळ होतो."

तिने मला बॅनक नावाच्या जाड रोटीचा तुकडा आणि चहा दिला. आमचा बोर्ड भिंतीवर होता. ब्याण्णव, हिरवा. आम्ही दोघींनी तो एकाच वेळी पाहिला असावा.

१३ फेब्रुवारी

परतल्याबरोबर बग नोंदवला. गंभीर. मग ऑरेलला यंत्रासमोर बसवून खोका फोडून दाखवला. त्याने तो स्वतः पुन्हा एकदा फोडून पाहिला. नंतर म्हणाला, "हे मी पाहिलंय."

"कधी?"

"शरदात. हालीनाने लिहिलं होतं. मी करून पाहिलं, मला दिसलं नाही. मी अख्खे खोके पाठवत होतो. आठवडा गेला, आपोआप बंद झालं." मग जरा चढ्या आवाजात, "माझ्याही नावापुढे आकडा होता, आस्ता. प्रत्येक उघड्या बगला तो खाली जायचा. कोण उकरत बसणार?"

मी फोनच्या टेबलाशी गेले. हालीना कुणा गिऱ्हाइकाला छापण्याच्या यंत्रात कागद कसा घालायचा ते सांगत होती. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अर्ध्या खोक्याचा बग तुम्ही लिहिला होता."

"ऑक्टोबरात. उत्तरेकडूनच कुणीतरी फोन करून विचारलं होतं, अर्धा खोका पाठवला तर चालेल का."

"बंद झाल्यावर पुन्हा का नाही लिहिलात?"

"पुन्हा लिहिला असता तर पुन्हा बंद झाला असता, आणि माझ्या नावापुढे आणखी एक नाकारलेला लागला असता. तुमचाच नियम, बाईसाहेब. मला घर चालवायचं आहे." पुन्हा फोन वाजला. तिने उचलायच्या आधी विचारलं, "तिकडे खूप थंडी होती का?"

होती, असं मी सांगितलं.

टेबलाशी येऊन नियम पुन्हा वाचला. तो तर्काला धरून आहे. हालीनाचं वागणंही तर्काला धरून आहे. ऑरेलचंही. तिघांचं मिळून जे झालं ते भिंतीवर हिरव्या रंगात लटकलं आहे.

१६ फेब्रुवारी

बग गंभीर धरला तर आकडा चौऱ्याऐंशी होतो. व्हर्नने दार लावून घेतलं.

"जूनमध्ये दुरुस्त करू. तोवर याला बग म्हणू नको, सुधारणा म्हण. सुधारणांना वजन नसतं ना?"

"नसतं."

"मग झालं."

"ही सुधारणा नाही. लहान मुलांचं दूध आहे."

"पावडर खराब निघालीच कुठे आहे? दर वर्षी निघते का?" त्याने माझीच नियमांची चोपडी उघडली. खुणा करून ठेवल्या होत्या. "हे बघ, तूच लिहिलंस. बगचं वजन तो किती वेळा आडवा येतो त्यावर ठरतं. आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांचं मिळून शंभरातले किती खोके फुटतात?"

"चार."

"चार. तुझ्याच हिशेबाने हे गंभीर नाही."

"उत्तरेला निम्मे फुटतात."

"नियम सगळ्यांचा मिळून आहे. सगळ्यांना एकच पट्टी, हे तुझंच वाक्य." तो चिडलेला नव्हता. मला समजावत होता. "आस्ता, ताबा लांबला तर संस्था बर्फाचा रस्ता संपायच्या आत दुसऱ्या कुणाकडे जाईल. इथे तीस माणसं आहेत."

मी चोपडीतलं ते पान पुन्हा वाचलं. त्याचा हिशेब बरोबर होता. म्हणजे हिशेबाचे नियमच चुकले आहेत, आणि ते माझे आहेत.

व्हर्नने माझ्यासमोर बगचं नाव बदलून सुधारणा केलं. आकडा पुन्हा ब्याण्णव.

१९ फेब्रुवारी

आज बोर्डवरचा आकडा काढला.

दोन दिवस वजनं बदलून पाहिली. अर्ध्या खोक्याला न्याय मिळेल अशी वजनं बसवता येतात. मग पुढच्या अर्ध्या खोक्याचं काय, तो जो कुठला असेल? आम्ही कुठे पाहिलं नाही हे माझ्या आकड्यात कुठेच येत नाही. त्यामुळे "सॉफ्टवेअर किती चांगलं आहे" या प्रश्नाचं आजचं खरं उत्तर मी लिहिलं. राखाडी रंगात दोन शब्द: माहीत नाही.

कॉफीपाशी गर्दी झाली. कुणी विचारलं, बिघडला का? मी सांगितलं, नाही, दुरुस्त झाला.

व्हर्नने मला आकडा परत लावायला सांगितलं. मी नाही म्हटलं. "हे विनंती म्हणून नाही सांगत," तो म्हणाला. मीही विनंती म्हणून नाही म्हटलं नव्हतं. मग त्याने ऑरेलला बोलावलं. ज्या माणसाने आख्खं गोदाम लिहिलं, त्याने बोर्डच्या कळा दाबून पाहिल्या, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मला नाही बुवा जमत. फारच अवघड करून ठेवलंय हिने."

अवघड काहीच नाही. एक ओळ बदलायची आहे. तो आजारी असावा.

संध्याकाळी पुन्हा माझी वायर कुणीतरी प्लगला लावलेली होती. शेजारची गाडी आज नव्हतीच.

२४ फेब्रुवारी

ताबा देण्याआधीची बैठक. आमच्याकडे त्यासाठी कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, एक जुना दगड आहे, व्हर्नच्या वडिलांच्या संघाचा. तो लांब टेबलावर ठेवतात. ज्याचा होकार तो दगड पुढच्याकडे सरकवतो. शेवटच्या टोकाला पोचला की सॉफ्टवेअर निघालं. एखाद्याने धरून ठेवला तर थांबलं. मी इथे आल्यापासून कोणीही धरलेला नाही. लोक बोलताबोलता, न बघता ढकलतात.

डोरीन फोनवर होती. टेबलाच्या मध्यभागी फोन आणि त्याच्या बाजूने दगड येत होता. माझ्याकडे आला. थंड होता. मी त्यावर हात ठेवला.

पुढचा माणूस हात पुढे करून बसलाच होता. त्याने तो हळूच मागे घेतला.

व्हर्न म्हणाला, "आस्ता, हा दगड आजवर कोणी थांबवला नाही."

"मग तो टेबलावर कशाला ठेवतो आपण?"

ऑरेलला खोकला आला.

"काय चाललंय तिथे?" फोनमधून डोरीनने विचारलं. व्हर्न घाईने म्हणाला, "किरकोळ आहे. सुधारणेची एक बाब."

डोरीनने त्याला उत्तर दिलं नाही. "आकडेवाली आहे का तिथे? करारात हिरवा आकडा आहे, आणि तुमचा म्हणे ब्याण्णव. त्याचा अर्थ काय, ते मला साध्या भाषेत सांग."

व्हर्न माझ्याकडे पाहत होता. त्याच्या मागे दारात हालीना होती. तिला या बैठकीचं बोलावणं नव्हतं.

"त्याचा अर्थ," मी म्हटलं, "आम्ही जिथे पाहिलं तिथे फारसं काही सापडलं नाही."

"आणि कुठे पाहिलं नाही?"

"फोडलेल्या खोक्यांत. तुम्ही पाटी काढली तर खराब माल परत मागवता येणार नाही. आम्हाला हे माहीत आहे आणि आम्ही त्याला सुधारणा म्हणतो आहोत."

फोनमधून गोदामाच्या पंख्याचा आवाज येत राहिला. मग डोरीन म्हणाली, "पाटी राहील. आणि ताबा घेण्याआधी मला रंगीत तालीम हवी. बॅच मी निवडणार. तुमच्या यंत्राने दुकानं सांगायची, मी प्रत्येक दुकानाला फोन करून डबे मोजायला लावणार. एकूण एक जुळले तर सही."

"रस्ता वितळेल," व्हर्न म्हणाला.

"रस्ता मला ठाऊक आहे."

बैठक संपल्यावर व्हर्नने मला थांबवलं. माझं व्यवस्थापक हे पद गेलं. उद्यापासून टेस्टर. "राजीनामा देणार असशील तर आजच दे," तो म्हणाला.

"देणार नाही."

"का?"

"तालीम व्हायची आहे."

२७ फेब्रुवारी

परवा पद जायच्या आधी, त्याच संध्याकाळी, एक काम माझ्या हातात होतं ते केलं: प्रत्येकाच्या नावापुढचे आकडे पुसले. आपोआप नाकारायचा नियमही. व्हर्नला कळेपर्यंत दोन दिवस गेले, आणि तोवर कुणालाच ते परत नको होते.

हालीनाला म्हटलं, तालमीसाठी चाचण्या लिहायच्या आहेत. ती फोनचं टेबल सोडून माझ्या शेजारी येऊन बसली. हे कुणी ठरवलं ते मी विचारलं नाही. माझी पहिली चाचणी वाचून तिने कागद परत दिला.

"यात माणूस कुठे आहे?"

"कुठला माणूस?"

"खोका फोडणारा. त्याचे हात गारठलेत, हातमोजे घातलेत, घाईत आहे. तो चुकून दोनदा बटण दाबणार. इथे तुम्ही लिहिलंय, वापरकर्ता खोका फोडतो. असा वापरकर्ता मी या जन्मात पाहिला नाही."

मी पुन्हा लिहिली. तिने पुन्हा परत केली. तिसऱ्यांदा घेतली. सोबत पेरोगी होत्या. कांदा खरंच जास्त होता.

ऑरेल दुरुस्ती करतो आहे. आज त्याने विचारलं, माझ्या गाडीची वायर जुनी झाली आहे, बदलून देऊ का. वायरची अवस्था त्याला कशी माहीत, हे मला समजलं नाही. बदल म्हटलं.

९ मार्च

तालीम.

डोरीनने पावडरीची एक बॅच निवडली, महिनाभरापूर्वी उत्तरेत गेलेली. त्या वेळच्या फोडाफोडीच्या नोंदी आम्ही जशाच्या तशा नव्या सॉफ्टवेअरमध्ये चालवल्या होत्या. सकाळी ऑरेलने यादी काढली आणि पाठवली. अर्धे खोके आता यादीत होते. डोरीनने दुकानांना फोन लावायला सुरुवात केली. आम्ही लांब टेबलाभोवती बसून होतो. व्हर्न मधूनमधून घड्याळाकडे आणि खिडकीकडे बघत होता. बाहेर छपरावरून पाणी गळू लागलं आहे.

दुपारनंतर तिचा फोन आला. पाटीवर चाळीस दुकानं होती. आमच्या यादीत एकोणचाळीस. त्या एकोणचाळिसांत एकूण एक डबा जुळला.

उरलेल्या एका दुकानाला अर्ध्या खोक्यातले तीन डबे गेले होते. अर्ध्याचा पुन्हा अर्धा. खोका दुसऱ्यांदा फोडल्यावर बॅच पुन्हा हरवली होती. ऑरेलने कपाळाला हात लावला. हालीना म्हणाली, "दोनदा. मी बटण दोनदा दाबायला सांगितलं, खोका दोनदा फोडायचं मलाही सुचलं नाही."

व्हर्न मात्र उभा राहिला. चेहरा उजळला होता. "चाळिसातली एकोणचाळीस. साडेसत्त्याण्णव टक्के. आस्ता, तुझ्या बोर्डवर एवढा आकडा कधी आला नव्हता. याहून हिरवं काय असतं?"

ऑरेलने खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. सगळे थकले होते, आणि साडेसत्त्याण्णव ऐकायला बरं वाटतं. मलाही वाटलं. तेवढ्यापुरतं.

"चाळिसाव्या दुकानाचं नाव वाचा," मी म्हटलं.

"नावाचा काय संबंध? टक्केवारी—"

"कागद तुमच्याच हातात आहे. मोठ्याने वाचा. डोरीन ऐकते आहे."

त्याने कागद लांब धरला, मग जवळ. चष्मा डोक्यावर होता, तो खाली ओढला.

"लिटल हेरॉन लेक," तो म्हणाला.

"तिथे सध्या तीन तान्ही बाळं आहेत," फोनमधून डोरीन म्हणाली. तिने ते आवाज न चढवता सांगितलं, मालाचा साठा सांगावा तसं.

व्हर्न अजून उभाच होता. "ताबा उद्या द्यायचा आहे. रस्ता आठवडाभरही टिकणार नाही. एका दुकानासाठी—"

"द्या उद्या," मी म्हटलं. "ताब्याच्या कागदावर आकड्याच्या जागी लिहा: लिटल हेरॉन लेक सोडून सगळीकडे चालतं. तुम्ही लिहा, खाली सही मी करते."

मी पेन त्याच्यापुढे ठेवलं. ते तिथेच पडून राहिलं. ऑरेलने त्याचं यंत्र उघडलं, हालीनाने खुर्ची त्याच्याकडे ओढली, आणि व्हर्नने डोरीनला सांगितलं की उद्याचा ताबा होत नाही.